कड्याखालचा उतार

२३ जुलै २०२१ रोजी सकाळी महाबळेश्वरला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला, तेव्हा आकडा भरला ५९४ मिलिमीटर. पुणे शहराच्या वाट्याला चार महिन्यांच्या पावसाळ्यात साधारण जेवढं पाणी येतं, जवळजवळ तेवढं तिथे एका दिवसरात्रीत कोसळलं होतं. पश्चिमेकडच्या कड्यांवरून ते सावित्रीच्या खोऱ्यात, म्हणजे पोलादपूर-महाडकडे उतरलं. मोजणी होण्याच्या आदल्या दिवशीच महाड तालुक्यातल्या तळीये गावची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली होती. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही त्याच पावसात डोंगर खाली आला. महाड शहर पुराच्या पाण्यात होतं आणि रस्ते तुटले होते, त्यामुळे बाहेरची मदत तळीयेत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

या भागाला हे नवं नव्हतं. २६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते. महाड तालुक्यावर मात्र आदल्याच दिवशी, २५ जुलैला, आभाळ कोसळलं होतं. दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दोनशेच्या आसपास माणसं गाडली गेली.

याच जुलै महिन्यात, याच डोंगरांकडे पुण्या-मुंबईहून हजारो पावलं वळतात. कोणी रायगडावर, कोणी शिवथरघळीच्या धबधब्यावर, कोणी वरंध घाटात भजी खायला, कोणी केळदहून मढे घाटाच्या तोंडाशी. ज्यांचे पाय जरा अधिक तयार असतात ते ढवळ्याहून चंद्रगड करून आर्थर सीटपर्यंतची हजार मीटरांहून मोठी चढाई करतात, मंगळगडाच्या धारेवर जातात, लिंगाण्याच्या शेजारच्या बोराट्याच्या नाळेत उतरतात. पावसाळी सह्याद्रीचं रूप पाहावं असं असतंच, त्याबद्दल वाद नाही. पण येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये पावसाचा अंदाज असतो आणि ज्या उतारावरून आपण चालणार आहोत त्या उताराविषयी डोक्यात काहीच नसतं. गावावर येते ती दरड वाटेवरही येते. फरक एवढाच की गाव जागेवर असतं, आणि वाटसरू कुठे थांबायचं, कधी परतायचं हे ठरवू शकतो.

बर्फाच्या मुलखात डोंगराला जाणारी माणसं ही गोष्ट फार आधी शिकली. आल्प्समध्ये हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक नियमित निघतं. धोका एक ते पाच अशा पायऱ्यांत सांगतात आणि त्याबरोबर कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर तो जास्त आहे हेही सांगतात. आपल्याकडे मनालीला १९६९ पासून संरक्षण संशोधन संस्थेची बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी शाखा होती. २०२० मध्ये ती नव्या रूपात चंदीगडच्या संस्थेत सामील झाली, आणि काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातल्या भागांसाठी हिमस्खलनाचे इशारे आता तिथून येतात. इशाऱ्यांची व्यवस्था असूनही माणसं दगावतात, हेही खरं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रशिक्षण चमू हिमस्खलनात सापडला आणि २९ जणांनी जीव गमावला. महाराष्ट्रातले कितीतरी गिर्यारोहक याच संस्थेत शिकून आलेले आहेत. इथल्या गिर्यारोहण मंडळांना ती बातमी घरची वाटली.

हिमस्खलनाचं गणित सह्याद्रीतल्या माणसाने समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचा सांगाडा दरडीच्या गणिताशी जुळतो. जुन्या, टणक बर्फावर नवा बर्फ साचतो. दोन्हींच्या मधला एखादा थर भुसभुशीत राहतो. वरचं ओझं वाढत गेलं की तो थर तुटतो आणि वरची सगळी लादी एकदम सुटते. पाट्यासारखी सुटणारी ही स्खलनं बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट जागी बर्फ बसून राहतो. त्याहून उभ्या कड्यावर तो साठतच नाही, पडेल तसा घसरून जातो. म्हणजे पाहणाऱ्याला सगळ्यात भयाण वाटणारा कडा हा सगळ्यात धोक्याचा नसतो. धोका असतो तो माणसाला सहज चालवेल अशा मधल्या उतारावर.

आता बर्फाच्या जागी माती ठेवा. सह्याद्री बसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून तो बनला. काही थर टणक, काही सच्छिद्र, आणि मध्येमध्ये लाल मातकट पट्टे. पावसाचं पाणी फटींतून खाली जातं, टणक थराशी अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या अंगातून बाहेर पाझरतं. पावसाळ्यात कातळाच्या मधोमध एका ओळीत झरे फुटलेले दिसतात ते यामुळेच. वर्षानुवर्षं कड्याचे तुकडे पडत राहतात, त्यांची माती होते, मुरुम होतो, आणि हा सगळा ऐवज कड्याच्या पायाशी तिरपा रचला जातो. ट्रेकर ज्याला पदर म्हणतात ती डोंगराच्या मधल्या उंचीवरची सपाटी आणि तिच्यावरचा-खालचा उतार पुष्कळ ठिकाणी अशाच साठलेल्या दगडमातीचा असतो. पाणी आणि माती दोन्ही तिथे मिळतं, म्हणून वाड्याही तिथेच वसल्या.

जोवर पाऊस मध्यम आहे तोवर ही माती पाणी पिते आणि सोडते. दोन-तीन दिवस सतत झोड उठली की आत शिरणारं पाणी बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरतात, आतला दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. खालचा कातळ गुळगुळीत आणि ओला. भिंतीत ओल धरल्यावर गिलाव्याचा पोपडा एकाच वेळी सुटून पडावा, तसा उताराचा अख्खा तुकडा निघतो. तो घसरता घसरता पाण्याशी मिसळतो आणि चिखल, धोंडे, झाडं यांचा लोंढा होऊन ओढ्याच्या वाटेने धावतो. स्खलनानंतर साचलेला बर्फ घनमीटरला साधारण तीनशे ते पाचशे किलो भरतो, असा ओला चिखल पावणेदोन-दोन टन. हिमस्खलनात पुरलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर त्याची जगण्याची शक्यता चांगली असते, आणि त्यासाठीच बर्फात जाणारे लोक अंगावर शोधयंत्र, हातात लांब सळई आणि पाठीवर फावडं बाळगतात. दरडीपुढे अशी कुठलीही साधनं पिशवीत घालून नेता येत नाहीत. तिथे एकच उपाय चालतो : ती येते तेव्हा तिच्या वाटेत नसणं.

हे साधायचं तर घरून निघण्याआधीच काही गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट मागच्या पावसाची. आज सकाळी ऊन पडलंय, हे डोंगराच्या दृष्टीने फारसं महत्त्वाचं नाही. गेले तीन दिवस किती पडला, हे महत्त्वाचं. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस. नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी घाटवाटेवर जायचं नाही, एवढं आता बऱ्याच मंडळांनी मान्य केलंय. पण लाल इशारा उठल्याच्या दुसऱ्या दिवशी गर्दी उसळते, आणि नेमका तेव्हा उतार पाण्याने तट्ट भरलेला असतो. पाऊस ओसरल्यावर काही तासांनी दरड आली, असं अनेकदा घडतं. हिमालयातही मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट समजतात, आकाश निळंशार असलं तरी.

दुसरी गोष्ट जिल्ह्याच्या नावाची. इशारे जिल्हावार येतात. रायगड जिल्हा उरणच्या खाडीपासून पोलादपूरच्या कड्यांपर्यंत पसरलेला, आणि अलिबागच्या किनाऱ्यावरच्या पावसाचा पोलादपूरच्या घाटमाथ्याखालच्या पावसाशी काही मेळ नसतो. पोलादपूरच्या डोक्यावरचं महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात. तिथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातलं पश्चिमेला कलणारं पाणी सावित्री घेऊन येते. म्हणून ढवळ्याच्या किंवा आंबेनळी घाटाच्या बाजूला जाणाऱ्याने साताऱ्याच्या घाटभागाचा इशारा पाहावा, आणि मढे घाटाखाली किंवा वरंधच्या पायथ्याशी जाणाऱ्याने पुण्याच्या घाटभागाचा. खाली रिमझिम असताना वर ढग फुटल्यासारखं कोसळत असेल, तर ओढ्याचं पाणी काही मिनिटांत कमरेला लागतं.

तिसरी गोष्ट वाटेची. धारेवरून किंवा सोंडेवरून जाणारी वाट आणि नाळेतून जाणारी वाट यांत पावसाळ्यात जमीन-अस्मानाचा फरक. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ, बोराट्याची नाळ किंवा निसणीची नाळ म्हणतात तशी. हिवाळ्यात तिथे धोंड्यांवरून उड्या मारत उतरायला मजा येते, पण ते धोंडे तिथे कुठून आले हे मान वर करून पाहिलं की कळतं. वरचं सगळं पाणी, सगळा दगड, सगळी माती त्या एकाच फटीतून खाली जायला बघते. जून ते सप्टेंबर नाळेत पाऊल टाकायचं नाही, हा नियम कोणीही डोळे मिटून पाळावा. सोंडेवर घसारा असतो, पाय सटकतो, वारा ढकलतो, पण अख्खा डोंगर अंगावर येण्याचा संभव तिथे पुष्कळ कमी.

वाटेवर असताना डोंगर खुणा देतो. जमिनीत ताजी, काठ न झिजलेली भेग. एकाच बाजूला कललेली कोवळी झाडं. काल नव्हता असा झरा, किंवा वाहता झरा एकाएकी बंद. स्वच्छ वाहणारा ओढा अचानक लाल-गढूळ होणं. याहून वाईट म्हणजे पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी कमी होणं, कारण त्याचा अर्थ वर कुठेतरी दरडीने पाणी अडवलंय आणि तो बांध फुटणार आहे. बारीक दगड टपटप सुटू लागणं, झाडं मोडल्याचा आवाज, लांबून येणारी घरघर. यातलं काहीही दिसलं-ऐकलं तर तिथे थांबून फोटो काढू नये, चर्चाही करू नये. ओढ्याच्या रेषेपासून आडवं, बाजूच्या उंचवट्याकडे निघावं. उताराने खाली पळणारा माणूस लोंढ्याच्याच वाटेने पळत असतो. साशंक पट्टा ओलांडायची वेळ आलीच तर एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून वर नजर ठेवावी. बर्फातही हीच रीत आहे आणि कारणही तेच : काही झालं तर एकच माणूस सापडावा, शोधायला बाकीचे शिल्लक असावेत.

मुक्कामाची जागा हा वेगळा विषय, आणि इथे चुका फार होतात. ओढ्याच्या तोंडाशी पसरलेली छान सपाट जागा तंबूला उत्तम वाटते. ती सपाटी तिथे आली कशी, हा प्रश्न विचारला की जागा बदलावीशी वाटते, कारण पुष्कळदा ती जुन्या लोंढ्यांनी आणून टाकलेल्या गाळाची असते.

पायऱ्या बांधलेल्या ठिकाणीही डोंगर तोच राहतो. ७ जुलै २०२४ रोजी रायगडावर पावसाने असा जोर धरला की पायऱ्यांवरून पाण्याचे लोट धबधब्यासारखे खाली येऊ लागले आणि चढ-उतर करणारे लोक मध्येच अडकले. त्यानंतर प्रशासनाने गड पर्यटकांसाठी बंद केला. रायगडला दरवर्षी लाखो माणसं जातात, लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. तिथे जाणं त्यांना ट्रेक वाटतच नाही, दर्शन वाटतं. या ओळखीच्या जागाच घात करतात. अमेरिकेत इयन मॅकॅमन यांनी सातशेहून अधिक हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला, त्यात असं दिसलं की माणसं अज्ञानापेक्षा सवयीने जास्त फसतात. उतार ओळखीचा आहे, एवढे पैसे आणि सुट्टी खर्च करून आलोय, पुढचा गट गेला म्हणजे आपणही जाऊ शकतो, आजची संधी पुन्हा येणार नाही. प्रशिक्षण घेतलेलेही या विचारांना बळी पडले, ओळखीच्या उतारावर तर अधिकच. बस भरून माणसं आणणारा ट्रेकचा आयोजक याहून वेगळ्या कात्रीत नसतो. चाळीस जणांनी पैसे भरलेत, निम्मे पहिल्यांदाच आलेत, आणि परत फिरायचं म्हटलं की पैसे परत मागणारे फोन सुरू होतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी उपक्रमांसाठी धोरण आणलं, नोंदणी सक्तीची केली, ते चांगलंच झालं. पण सहल रद्द झाल्यास काय, हे आयोजकाने पैसे घेतानाच लिहून द्यावं आणि येणाऱ्यानेही ते आधी विचारावं. परत फिरण्याचा खर्च आधीच ठरलेला असेल, तर डोंगरात उभं राहून निर्णय घेणाऱ्याचं डोकं मोकळं राहतं.

मदत किती लवकर मिळेल, याबद्दलही भाबडा समज बाळगू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. इर्शाळगडाला जाणाऱ्या कित्येक ट्रेकरांनी त्या वाडीत चहा घेतला होता, जेवण केलं होतं. ती वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती. मुंबई-पुण्याच्या मधोमध, द्रुतगती मार्गापासून फार लांब नसलेली ही जागा. तरी वर यंत्रं चढेनात, ढगांमुळे हेलिकॉप्टर उतरेना, आणि जवानांना, स्थानिक तरुणांना, गिर्यारोहकांना चिखलातून पायी चढून कुदळ-फावड्यांनी माती उकरावी लागली. पुणे जिल्ह्यातल्या माळीणची गोष्ट आणखी विदारक : ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाव नाहीसं झालंय हे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा समजलं ते नेहमीप्रमाणे आलेल्या एसटीच्या चालकामुळे. १५१ माणसं तिथे गेली. महाड-पोलादपूरच्या आतल्या वाड्यांतून फोनला रेंज मिळेलच असं नाही. पावसाळ्यात महाडला एनडीआरएफची तुकडी ठेवली जाते, पोलादपूर-महाबळेश्वर पट्ट्यातले स्थानिक ट्रेकर दोर घेऊन दरीत उतरायला तयार असतात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस आंबेनळी घाटात कोसळून ३० जण गेले, तेव्हा धुक्यात, पावसात, निसरड्या दरीत पहिल्यांदा उतरले ते हेच लोक. त्यांच्यापर्यंत खबर पोचवायची तर ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक फोनमध्ये हवा, आणि कोणत्या वाटेने, किती जण, किती वाजता निघालो हे पायथ्याच्या वाडीत कोणाला तरी सांगितलेलं हवं.

वाडीत थांबून बोलण्याचा फायदा एवढाच नाही. यंदा कुठला बांध फुटला, कुठला ओढा पात्र सोडून वाहतोय, गुरं कोणत्या बाजूला न्यायची बंद केली, हे गुराख्याला किंवा मोळी आणणाऱ्या बाईला माहीत असतं. वाटाड्याला दिवसाचे चार पैसे देऊन हे ज्ञान सोबत घेता येतं.

राहिला प्रश्न आल्प्समधल्यासारख्या धोक्याच्या पत्रकाचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातले दरडप्रवण उतार नकाशावर आणले आहेत, आणि जुलै २०२४ मध्ये कोलकात्याला दरडींचा पूर्वअंदाज देणारं राष्ट्रीय केंद्रही सुरू झालं. रायगड जिल्ह्यात शंभरहून अधिक गावं दरडीच्या छायेत मोजली जातात, त्यातली सर्वाधिक महाड तालुक्यात. दुसरीकडे महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आहेत. म्हणजे नकाशा आहे, पाऊसही मोजला जातो. या दोन्हींची सांगड घालून जून ते सप्टेंबर दर शुक्रवारी संध्याकाळी महाड आणि पोलादपूर तालुक्यांनी एक पानी मराठी पत्रक काढावं : बिरवाडी, नाते, कोंढवी, वाकण अशा प्रत्येक मंडळात तीन दिवसांत किती मिलिमीटर झाला, कुठे भेगा किंवा नवी घसरण दिसली, कोणत्या वाटा या आठवड्यात बंद. ते तहसील कचेरीच्या फलकावर, एसटी स्थानकावर, रायगडच्या पायथ्याशी आणि ट्रेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लागावं. यासाठी लागणारी माणसं, म्हणजे तलाठी, पोलीस पाटील, वनरक्षक, त्या त्या गावात आधीपासून आहेत, आणि तळीयेनंतर त्यांच्यातल्या प्रत्येकाला पावसाळ्यात आपल्या डोक्यावरच्या डोंगराकडे पाहायची सवयही लागलेली आहे.